दोन नंबरची तबकडी

सुमेधाबाईंना थांबणं जमत नाही. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत त्या ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहत नाहीत, तेवढ्यात दोन पातेली घासून घेतात. सिंहस्थाच्या नावाने खोदून ठेवलेल्या रस्त्यात रिक्षा अडकली की उतरून चालू लागतात. सत्तरी उलटली, पण कुणी "आजी, बसा" म्हटलं की मुद्दाम उभ्या राहतात. बी.एस्सी. झाल्या झाल्या ओझरच्या विमान कारखान्यात लागल्या, साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर घरात जे जे यंत्र आलं ते त्यांनीच उघडलं, त्यांनीच लावलं. यजमान ढुंढिराज रामकुंडावर क्षेत्रोपाध्ये. त्यांना टीव्हीचा रिमोट सुद्धा उलटा धरायची सवय.

अशा बाईला एका फायलीने दोन दिवस नाचवलं, त्याची ही गोष्ट.

बुधवारी दुपारी फोन आला. बागलाणातल्या आंबेखेड्याहून सहादू अहिरे बोलत होते. आवाज म्हातारा, ओरडून बोलायची सवय असलेला. आई गेली होती, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. शुक्रवारी सकाळी अस्थी घेऊन येणार होते. त्यात विशेष काही नाही, नाशकात रोज लोक येतात. पण सहादूंना आणखी एक हवं होतं. सहादू दीड वर्षाचे असताना त्यांचे वडील झुंबर वारले. फोटो नाही, कपडा नाही, काठी नाही. वडील एकदाच नाशकाला आले होते, आजीच्या अस्थी घेऊन, आणि तेव्हा इथल्या वहीत त्यांनी सही केली होती असं आई जन्मभर सांगत आली. भाऊबंद तिला हसायचे. झुंबरला कुठली सही, अंगठा उठवला असेल, म्हणायचे.

"माय, वहीमा अंगठा शे का सही शे, तेवढं दखाडा माले," सहादू म्हणाले. "दुसरं काही नको."

सुमेधाबाई म्हणाल्या, दाखवते. नेहमीसारखंच, पुढचा विचार न करता.

आता वह्यांचं सांगायला हवं. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांकडे यजमानांच्या, म्हणजे विधीला येणाऱ्या घराण्यांच्या, वह्या असतात. कोण आलं, कुठल्या गावचं, कशासाठी, सोबत कोण, हे सगळं उपाध्ये लिहून घेतात आणि खाली आलेल्याची सही किंवा अंगठा. पुढच्या पिढीतलं कुणी आलं की गाव आणि आडनाव सांगायचं, की पणजोबांची सही पुढ्यात. वह्या भावाभावांत वाटल्या जातात, शेतासारख्या. ज्याच्या वाटणीला जो मुलूख, त्याचे ते यजमान, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. ढुंढिराजांच्या वाटणीला बागलाण आणि खानदेश आला. धाकटे भाऊ हेरंब यांच्याकडे वऱ्हाड गेलं. वाटणी झाली तेरा साली, आणि त्या वाटणीत इतकं तोंडातोंडी झालं की त्यानंतर दोघं भाऊ लग्नामुंजीत समोरासमोर आले तरी एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत.

पुढे सोळा सालच्या पुरात पंचवटीतल्या तळघरात पाणी शिरलं. खानदेशच्या वह्या वरच्या फळीवर होत्या, वाचल्या. बागलाणची वही खालच्या पेटीत होती. वाळवली, पण पानं कच्च्या पापडांसारखी एकमेकांना चिकटून बसली. तेव्हापासून बागलाणचं कुणी आलं की ढुंढिराज पाठ होतं तेवढं सांगत. बहुतेकांचं तेवढ्यावर भागे. कुणी जास्तच विचारलं तर म्हणत, आमच्याकडे तबकडी आहे, त्यात सगळं आहे.

तबकडी, म्हणजे डीव्हीडी, खरंच होती. वाटणीच्या आधी हेरंबांच्या मयुरेशने, तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, सगळ्या वह्यांची पानन् पान छायाचित्रं काढून, दाबून दाबून एका गठ्ठ्याची झिप फाइल केली होती. तिच्या दोन तबकड्या झाल्या. त्यातली दोन नंबरची सुमेधाबाईंच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या तेजश्रीकडून त्यांनी ती पेनड्राइव्हवर उतरवूनही घेतली होती. उघडून बघायची मात्र राहून गेली. हे त्यांना बुधवारी दुपारी, फोन ठेवल्यावर आठवलं.

त्यांनी लॅपटॉप उघडला, पेनड्राइव्ह घातला, फायलीवर दोनदा टिचकी मारली. लॅपटॉपने उलट त्यांनाच विचारलं, ही कशाने उघडू?

ते त्यालाच ठाऊक नसेल तर आपण शोधू, असं म्हणून त्यांनी नेटवर शोधलं. सतराशे साठ सॉफ्टवेअरं. सगळी फुकट, सगळी सर्वोत्तम. ज्याचं हिरवं बटण सगळ्यात मोठं ते त्यांनी दाबलं, आणि हीच पहिली चूक झाली. त्या सॉफ्टवेअरबरोबर न बोलावलेले चार पाहुणे आत आले. लॅपटॉप उघडला की रोजचं राशिभविष्य दिसायला लागलं, कोपऱ्यातून एक बाई लग्न जुळवून देते म्हणाली, आणि मशीन हळू झालंय, दुरुस्त करू का, असा प्रश्न दर मिनिटाला. फाइल तशीच बंद. तासभर खपून त्यांनी एकेकाला हाकलून दिलं.

दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे सॉफ्टवेअरच नव्हतं, एक साइट होती. काही उतरवून घ्यायला नको, फाइल आमच्याकडे पाठवा, आम्ही उघडून देतो. हे त्यांना आधी पटलं. फाइल चार जीबीची, आकडा मुंगीच्या पावलाने चढत होता. सात टक्के झाले तेव्हा ढुंढिराज चहा मागायला आले आणि काय चाललंय विचारलं. त्यांनी सांगितलं. ढुंढिराज उभेच राहिले. म्हणाले, आजोबांनी कलेक्टरला वही घराबाहेर नेऊ दिली नव्हती, तू ती कुणाला पाठवते आहेस? कोणत्या देशात? बाईंनी फटकन बंद केलं. नवऱ्याचं म्हणणं बरोबर निघालं की त्यांना जो वैताग येतो, तो त्या दिवशी चहात उतरला. साखर राहिली.

तिसरं त्यांनी फोनवर घेतलं. ते प्रत्येक पायरीला जाहिरात बघायला लावी. पाच जाहिराती झाल्या, साबण, सोफा, परत साबण, आणि शेवटी लाल अक्षरांत आलं की ही फाइल खराब आहे.

एवढंच. खराब आहे. का, किती, कुठे, काही नाही.

त्या संध्याकाळी सुमेधाबाईंनी भाजीला दोनदा फोडणी दिली आणि खिडकी चार वेळा उघडून लावली. वही पुरात गेली, तबकडी खराब निघाली, आणि शुक्रवारी एक चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आईच्या अस्थी घेऊन येणार, आईचं म्हणणं खरं होतं का ते बघायला. "दाखवते" कुणी म्हटलं होतं? आपणच. त्यांनी ढुंढिराजांना काही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्या तेजश्रीच्या दारात. ती कॉलेजात संगणक शिकवते, आणि त्या वेळी केस विंचरत होती. तिला वेळ नव्हता, बाईंनाही नव्हता, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं.

"कुठलं घेऊ, एवढं सांग."

"काकू, नाव महत्त्वाचं नाही. ज्याने बनवलं त्याच्याच साइटवरून घ्या, मधल्या दलालाकडून नको. आणि दिसायला सगळ्यात कंटाळवाणं असेल ते घ्या. भपका असला की समजायचं, धंदा दुसराच आहे."

"आणि खराब आहे म्हणालं तर?"

"चांगलं असेल तर नुसतं खराब म्हणणार नाही. काय अडलंय ते सांगेल."

हे बाईंना इतकं पटलं की त्या धन्यवाद न देताच जिना उतरल्या.

असं कंटाळवाणं सॉफ्टवेअर त्यांना मिळालं. करड्या रंगाचं, चित्र नाही, जाहिरात नाही. कुणीतरी एकट्याने वर्षानुवर्षं सांभाळलेलं असावं, साइटवर त्याचं नाव आणि तारखांची यादी, बाकी शब्द नाही. बाईंना कारखान्यातल्या जुन्या रजिस्टरची आठवण झाली. त्यांनी ते बसवलं, फाइल त्याच्यापुढे ठेवली. क्षणभराने इंग्रजीत एक ओळ आली. हा गठ्ठ्याचा दुसरा तुकडा आहे, उलगडायला पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करावी लागेल, तो मला सापडत नाही.

सुमेधाबाईंनी ओळ दोनदा वाचली. मग उठल्या, स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि तिसऱ्यांदा वाचली.

कारखान्यात त्या तेहतीस वर्षं नकाशांच्या भांडारात होत्या. विमानाच्या एकेका भागाचे नकाशे, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात छापलेलं, पान अमुक, एकूण पानं अमुक. संचातलं एक पान कमी असेल तर सुमेधाबाई संच द्यायच्या नाहीत. एकदा एक साहेब टेबलावर हात आपटून ओरडला, तीन पानं आहेत, चौथ्याचं माझं मी बघतो. बाई म्हणाल्या, तीन पानांचं विमान तुम्ही उडवा, मी देणार नाही. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात निदान शंभर जणांना सांगितली असेल.

आणि वाटणीच्या दिवशी? तो दिवस त्यांना आता लख्ख दिसला. सकाळची वेळ, दोघं भाऊ सतरंजीवर, मधे वह्या. वह्यांची वाटणी कशीबशी झाली आणि मग तबकड्यांवर गाडी अडली. मयुरेश पुण्याला परत गेलेला. तबकडी कुणी ठेवायची, यावरून परत आवाज चढले. बाईंना सव्वासातची कंपनीची बस गाठायची होती. पर्स खांद्याला अडकवून त्या म्हणाल्या होत्या, दोन तबकड्या आहेत, दोन भाऊ आहेत, एकेक उचला आणि उठा. दोघांना ते एकदम न्याय्य वाटलं. थोरल्याने एक नंबर धाकट्याला दिला, मोठेपणा म्हणून. कुणाच्या मनात आलं नाही की वह्या अशा वाटता येतात त्या प्रत्येक वही पुरी असते म्हणून. ही फाइल म्हणजे एकच वही मधोमध फाडलेली. आणि फाडली ती नकाशाच्या भांडारवालीने, बस चुकू नये म्हणून.

त्यांनी ढुंढिराजांना सगळं सांगितलं, आपली चूक धरून. ढुंढिराज उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "सहादूंना सांग, वही पुरात भिजली. खोटं नाही ते."

"खोटं नाही. अर्धं आहे."

"हेरंबकडे मी येणार नाही."

"तुम्हाला कोण बोलावतंय?" बाई म्हणाल्या आणि लॅपटॉप पिशवीत घालायला लागल्या.

मालेगाव स्टँडच्या अलीकडे रिक्षा अडली तशा त्या उतरल्या आणि चालत गेल्या. जिन्यात मात्र दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. दम लागला होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. बारा वर्षांत या जिन्याला पाय लागला नव्हता. परत फिरावं असंही एकदा वाटलं. मग आंबेखेड्याहून उद्या पहाटे निघणारी एसटी डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी उरलेल्या पायऱ्या एका दमात संपवल्या.

दार हेरंबांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते. बाईंकडे, मग पिशवीकडे बघून म्हणाले, "बारा वर्षांनी आलात वहिनी, आणि येताना आहेर म्हणून कॉम्प्युटर."

"आहेर नंतर. तुमची एक नंबरची तबकडी कुठंय भाऊजी?"

हेरंबांचा आवाज चढला. ती, म्हणाले, ती तर तुम्ही मुळातच खराब दिली होती. तीन दुकानांत दाखवली. उघडते, पहिली पानं दिसतात, आणि नेमकं वऱ्हाड सुरू झालं की दोन-चार पानांवर मोडते. तिन्ही दुकानदार म्हणाले, डिस्कवर चरे आहेत. तेव्हाच ओळखलं, दादाने चांगली स्वतःकडे ठेवली आणि चरे पडलेली मला मोठेपणाने दिली.

सुमेधाबाई उभ्याच होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, काय झालं होतं आणि कुणामुळे. एक गठ्ठा, दोन तुकडे. तुमच्यात बागलाण, खानदेश आणि वऱ्हाडाची सुरुवात. आमच्यात तुमचं सगळं वऱ्हाड, पण पहिल्या तुकड्याशिवाय न उघडणारं. दोघांकडेही एकमेकांचा माल, बारा वर्षं, कुलपात.

हेरंब खुर्चीत बसले. मयुरेशला का नाही विचारलं, असं बाईंनी विचारलं तर म्हणाले, तो तिकडे लांब, फोनवर पाच मिनिटं मिळतात, त्यात तब्येतीचंच होतं. मग त्यांनीही तेच विचारलं, आणि बाईंना कबूल करावं लागलं की मयुरेश या घरातला म्हणून त्यांनी त्याला फोन केला नव्हता.

"म्हणजे बागलाणची पानं तुम्हाला दिसत होती," बाईंना एकदम सुचलं.

"दिसायची. पण ती दादाची. पान उलटून पुढे जायचो."

सुमेधाबाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला.

एक नंबरचं हेरंबांनी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. ते त्यांनी लॅपटॉपवर घेतलं, दोन्ही तुकडे एका फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवले, आणि करड्या सॉफ्टवेअरला सांगितलं, घे. या खेपेला त्याने काही विचारलं नाही. एक पट्टी डावीकडून भरायला लागली. बावीस मिनिटं, असं खाली आलं.

बावीस मिनिटं ही सुमेधाबाईंसाठी जन्मठेप. त्यांनी हेरंबांचा पडदा सरळ केला, घड्याळ पाच मिनिटं मागे होतं ते पुढे केलं, स्वतःच चहा टाकला. हेरंब म्हणाले, वहिनी, तुम्ही बसलात तर ते लवकर होईल. त्या बसल्या नाहीत. पट्टी भरली.

मयुरेशने गावागावांची फोल्डरं केली होती. आंबेखेडे. अकरा पानं. सातव्या पानावर आजोबांचं टाकाचं अक्षर, सगळं मोडीत, आणि खाली तीन नोंदींच्या तीन खुणा. दोन अंगठे, शाई फुटलेले. तिसऱ्या ठिकाणी बाळबोध लिपीत मोठी, वाकडी, एकेक अक्षर सुटं काढलेली सही. झुंबर तुळशीराम अहिरे.

बाईंनी घरी फोन लावला आणि हेरंबांच्या हातात दिला. हेरंबांनी तो हातात नुसता धरून ठेवला, पलीकडून ढुंढिराज हॅलो हॅलो करत होते.

"दादा, आजोबांचं मोडी आहे," शेवटी हेरंब म्हणाले. "मला वाचता येत नाही. तूच शिकला होतास."

मग ढुंढिराज म्हणाले, "उद्या आठला कुंडावर ये. उशीर करू नकोस, तुझी सवय आहे."

शुक्रवारी हेरंब पावणेआठलाच आले होते. सहादू साडेआठला आले, पांढरी टोपी, छातीशी तांबड्या फडक्यात बांधलेला लोटा. आधी विधी झाला. बाई पायऱ्यांवर येरझाऱ्या घालत होत्या, बॅटरी किती उरली ते बघत होत्या, कुंभासाठी चाललेल्या कामाच्या धुळीला नावं ठेवत होत्या. मग अस्थी पाण्यात गेल्या, सहादू ओल्या धोतराने वर आले आणि चौरंगावरच्या लॅपटॉपपुढे मांडी घालून बसले.

ढुंढिराजांनी मोडी वाचलं. शके अठराशे त्र्याहत्तर, माघ. मौजे आंबेखेडे. झुंबर तुळशीराम, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले. सोबत पत्नी बयाबाई, कडेवर मुलगा सहादू. हेरंब थोरल्याच्या खांद्यामागून वाकून बघत होते, आणि एका अक्षराशी बोट ठेवून हे कोणतं, असं त्यांनी विचारलं.

सहादूंचं वाचनाकडे लक्ष नव्हतं. ते फक्त खालच्या खुणेकडे बघत होते. ऊन थेट पडद्यावर येत होतं, त्यांना नीट दिसेना. बाईंनी पदर पसरून पडद्यावर सावली धरली.

"हाई सही शे ना?"

"सही आहे," बाई म्हणाल्या. "अंगठा शेजारचा. तो दुसऱ्याचा."

"मोठी करा."

त्यांनी दुसऱ्या हाताने मोठी केली. सहादू म्हणाले, अजून. त्यांनी अजून केली. झ पडद्यावर मावेनासा झाला, टाक जिथे अडला होता तिथला शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला. सहादूंनी बोट पुढे नेलं, पण लावलं नाही.

"मनी माय खरं सांगे," ते म्हणाले.

ढुंढिराजांनी नवी वही उघडून बयाबाईंची नोंद लिहायला घेतली होती, खाली सहादूंची सही लागणार होती, पेन तयार होतं. पण सहादू अजून बघत होते. पदर धरलेला हात भरून आला होता, खांद्यात कळ येत होती. सुमेधाबाई हलल्या नाहीत.